ऑफिसातून चालत नाही, घरून चालतं: सर्व्हरचं आतलं-बाहेरचं कॉन्फिग एकाच जागी कसं ठेवायचं

महिन्याची २८ तारीख, संध्याकाळचे पावणेसहा, मी अंधेरी स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलेलो आणि एचआरच्या मॅडमचा फोन. "अरे पगाराची शीट अपलोडच होत नाहीये, ४१३ असं काहीतरी येतंय, आणि मला आजच्या आज पाठवायचीय." मी कठड्याला चिकटून उभा राहिलो, मोबाइलवरून त्याच पोर्टलवर एक जाडजूड पीडीएफ टाकून बघितली, झटकन गेली. मग काय, सगळे सांगतात तेच सांगितलं, कॅश क्लिअर करा, दुसरा ब्राउझर घ्या, पीसी रिस्टार्ट करा. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं केलं. शेवटी वैतागून स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला आणि शीट पहिल्या फटक्यात गेली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

पोर्टल एकच, पण तिथे जायचे रस्ते दोन. ऑफिसच्या लॅनवरून आलात की आतला एनजिनएक्स (आलेली विनंती अ‍ॅपकडे पोचवणारा वेब सर्व्हर), घरून किंवा मोबाइल डेटावरून आलात की पब्लिक आयपीवरचा एनजिनएक्स, मागे अ‍ॅप दोघांचं तेच. दोन-तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी रात्री घाईघाईत बाहेरच्या एनजिनएक्सवर अपलोडची मर्यादा २० एमबी केली होती आणि आतल्यावर करायची राहिली. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी असते, त्याच्या वर गेलात की ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. शीट १ एमबीच्या आत होती तोवर कुणाच्या लक्षातच आलं नाही, मग भरती झाली, शीट फुगली, आणि महिनाअखेरीला बोंब. ते "कुणीतरी" म्हणजे मीच होतो हे गिटमध्ये (कुणी काय कधी बदललं ते जपून ठेवणारं साधन) दिसलं असतं, पण तेव्हा गिटच नव्हतं.

त्यानंतर जी पद्धत बसवली ती इथे लिहितोय. आमचं प्रकरण छोटं आहे, पंधराएक सर्व्हर, थोडे ऑफिसात, थोडे नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. ज्यांच्याकडे शेकडो मशीन आहेत त्यांची माणसंही वेगळी आणि दुखणीही वेगळी. कमांड बोलतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलमध्ये कशा टाइप करायच्या ते तुम्हाला माहितीये.

मुद्दा एकच आहे. आतल्याचं एक आणि बाहेरच्याचं एक अशी दोन कॉन्फिगं (सेटिंगच्या फाइली) ठेवूच नका, कितीही काळजीने ठेवली तरी ती फाटणार म्हणजे फाटणारच. कॉन्फिग एक ठेवायचं, आणि आत-बाहेरचा जो खराखुरा फरक आहे तेवढाच वेगळ्या फाइलीत, नावानिशी. ती फाइल एका स्क्रीनवर मावली पाहिजे, मावत नसेल तर काहीतरी झोल आहे.

आधी फरक शोधा

बहुतेक जण इथेच चुकतात, लगेच अँसिबल (एका जागेवरून सगळ्या सर्व्हरचं कॉन्फिग बसवणारं साधन) इन्स्टॉल करून प्लेबुक, म्हणजे त्याची कामांची यादी, लिहायला बसतात. थांबा. आत्ता सर्व्हरवर खरंच काय चालू आहे ते आधी बाहेर काढा. फाइली उघडून वाचत बसू नका, कारण एक फाइल दुसरीला इन्क्लूड करते, ती तिसरीला, आणि कुठली ओळ शेवटी लागू झाली ते नुसतं वाचून कळत नाही. एनजिनएक्सला मोठा टी द्या, इन्क्लूड केलेल्या सगळ्या फाइलींसकट पूर्ण कॉन्फिग ओकतो. एसएसएचडीलाही (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) मोठा टी द्या, तो तर प्रत्येक सेटिंगची शेवटी ठरलेली किंमतच सांगतो. आतल्या मशीनचं एका फाइलीत, बाहेरच्याचं दुसऱ्या फाइलीत, आणि मग डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक दाखवणारी कमांड.

आमच्याकडे एनजिनएक्सच्या एका जोडीतच चाळीसेक ओळी वेगळ्या निघाल्या. मी त्या चक्क कागदावर प्रिंट काढल्या आणि एकेका ओळीसमोर पेनाने "का?" लिहीत गेलो. तीन ढीग झाले. पहिला ढीग असा की हा फरक हवाच, उदाहरणार्थ कुठल्या आयपीवर ऐकायचं. दुसरा, कुणीतरी एकीकडे बदललं आणि दुसरीकडे विसरलं, अपलोडची मर्यादा याच ढिगातली. आणि तिसरा ढीग, म्हणजे कुणालाच माहीत नाही. एक विचित्र टाइमआउट होता, ४७ सेकंदांचा, तो कुणी टाकला, का टाकला, ४७च का, काही पत्ता नाही, टाकणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

दुसरा ढीग लगेच सारखा करून टाका. तिसऱ्याला हात लावू नका, आहे तसा उचलून नव्या रचनेत ठेवा आणि शेजारी कॉमेंट टाका की कारण माहीत नाही, अमुक तारखेला असाच सापडला. साफसफाई आणि स्थलांतर एकाच दिवशी केलंत आणि काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही. तो ४७ सेकंदवाला मी चार महिन्यांनी काढला, काही झालं नाही.

पहिल्या ढिगात शेवटी उरलं ते जेमतेम आठ-नऊ गोष्टी: ऐकायचा आयपी, सर्टिफिकेटची फाइल, पुढे लोड बॅलन्सर (येणारी गर्दी सर्व्हरांमध्ये वाटणारा) आहे का आणि असेल तर त्याचा आयपी, रेट लिमिट (एकाने किती वेगाने विनंत्या कराव्यात याची मर्यादा) हवं का, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) कुणाला विचारायचा, वेळ कुठून घ्यायची, पॅकेज कुठून उतरवायची, असल्या. बाकी सगळं कॉन्फिग दोन्हीकडे अक्षरशः सारखं असायला काहीच हरकत नव्हती.

"आत" म्हणजे नक्की कोण, हेही एकदाच ठरवून लिहून टाका. खाजगी पत्त्यांचे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात दिलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १९२.१६८ वाले, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत. शेवटचा नीट बघा, १७२ ने सुरू होणारं सगळंच खाजगी नाही, अख्ख्या १७२ ला फायरवॉलमध्ये परवानगी देऊन ठेवलेले लोक मी पाहिलेत. आणि ऑफिस नव्याने उभं राहत असेल तर १९२.१६८.१ घेऊ नका, घरोघरच्या वायफाय राउटरचा तोच असतो, मग व्हीपीएन लावून घरून येणाऱ्याचं पॅकेट ऑफिसात यायच्या ऐवजी त्याच्याच हॉलमधल्या प्रिंटरकडे जातं. १० मधला काहीतरी आडनिडा आकडा घ्या.

फाइलींची मांडणी

गिटची एक रेपो, त्यात अँसिबल. पपेट, सॉल्ट असलं तसलंच दुसरं साधनही चालेल, पण अँसिबलला सर्व्हरवर एजंट लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की झालं, त्यामुळे पंधरा-वीस मशीनला ते पुरतं. इन्व्हेंटरीत, म्हणजे मशीनच्या यादीत, दोन गट करा, इंटर्नल आणि पब्लिक. व्हेरिएबलच्या फाइली तीन, सगळ्यांसाठी ऑल, आणि या दोन गटांची एकेक. ऑलमध्ये नव्वद टक्के माल, गटांच्या फाइलीत फक्त तो पहिला ढीग.

इथे चार खड्डे आहेत, मी चारही खड्ड्यांत पडून आलोय.

एक मशीन चुकून दोन्ही गटांत गेलं तर अँसिबल भांडत बसत नाही, एकाच पातळीवरचे गट असतील तर नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने भरतो आणि शेवटचा जिंकतो. म्हणजे आय नंतर पी, पब्लिक जिंकला, आणि तुमचं आतलं मशीन स्वतःला बाहेरचं समजून बसलं. म्हणून प्लेबुकच्या सुरुवातीलाच एक तपासणी टाका, मशीन दोन्ही गटांत असेल तर तिथेच थांब.

दुसरा खड्डा डिक्शनरीचा, म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या किल्ली-किंमत जोड्यांचा. ऑलमध्ये एनजिनएक्स नावाची एक डिक्शनरी केली, तिच्यात दहा किल्ल्या, आणि गटाच्या फाइलीत त्यातली एकच किल्ली बदलावी म्हणून तीच डिक्शनरी परत लिहिली, तर उरलेल्या नऊ गायब होतात, कारण अँसिबल मूळ सेटिंगमध्ये डिक्शनऱ्या मिसळत नाही, आख्खी बदलतो. सरळ सुटी सुटी व्हेरिएबलं ठेवा, नावं लांबलचक झाली तरी होऊ देत.

तिसरा, डिफॉल्ट. टेम्प्लेटमध्ये (ज्या साच्यातून कॉन्फिग फाइल बनते तो) व्हेरिएबल नसेल तर हे घे, असं लिहायचा मोह होतो. जिथे आत-बाहेर फरक असणार आहे तिथे हे अजिबात करू नका. किंमत दिली नसेल तर फुटू दे, लाल अक्षरात ओरडू दे. आमचं ४१३ प्रकरण म्हणजे तरी काय होतं, एकीकडे किंमत लिहिलेली नव्हती आणि एनजिनएक्सने गपचूप आपली १ एमबी घेतली.

चौथ्याला खड्डा म्हणण्यापेक्षा वाईट सवय म्हणा. टेम्प्लेटमध्ये "हे मशीन इंटर्नल गटात असेल तर" अशा अटी लिहू नका. सुरुवातीला एक असते, वर्षभरात वीस होतात, आणि मग एका फाइलीच्या पोटात पुन्हा दोन कॉन्फिगं. टेम्प्लेटने मशीन कुठलं आहे हे विचारायचंच नाही, रेट लिमिट हवं का एवढंच विचारायचं, उत्तर गटाची फाइल देईल. उद्या डेटा सेंटरमध्ये एखादं मशीन असं आलं की जे आतलं आहे पण रेट लिमिट हवं, तेव्हा याची किंमत कळते.

एक यादी, तीन गिऱ्हाइकं

या सगळ्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आतल्या पट्ट्यांची यादी. ऑल फाइलीत एकदाच: ऑफिसची लॅन, व्हीपीएन, डेटा सेंटरचं आतलं नेटवर्क. आणि तीच यादी तिघंजण वापरतात, फायरवॉल, एनजिनएक्सचा अ‍ॅडमिन पानांचा दरवाजा, आणि डीएनएस. प्रत्येकाच्या टेम्प्लेटमध्ये फक्त एक लूप.

आधी ही यादी तीन ठिकाणी हाताने लिहिलेली होती. व्हीपीएनचा नवा पट्टा काढला तेव्हा फायरवॉलमध्ये टाकला, डीएनएसमध्ये टाकला, एनजिनएक्समध्ये विसरलो, आणि अकाउंट्सवाले दोन दिवस ४०३, म्हणजे "परवानगी नाही", बघत बसले. आता यादीत एक ओळ टाकायची, प्लेबुक चालवायचं, तिन्हीकडे पोचते.

याला जोडून एक सावधगिरी. बाहेरच्या सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर असेल तर एनजिनएक्सला प्रत्येक माणूस लोड बॅलन्सरच्याच आयपीवरून आलेला दिसतो, खरा पत्ता हेडरमध्ये येतो, आणि तो खरा मानायचा असेल तर कुणाचं ऐकायचं ते एनजिनएक्सला सांगावं लागतं. तिथे फक्त लोड बॅलन्सरचा आयपी द्या. कंटाळा करून "सगळ्यांचं ऐक" म्हणालात तर बाहेरचा कुणीही हेडरमध्ये १०.१.१.१ लिहून पाठवेल आणि तुमच्या आतल्यांच्या दरवाजातून ऐटीत आत येईल.

डीएनएस, खरी डोकेदुखी

एकच नाव आतून विचारलं की आतला आयपी, बाहेरून विचारलं की बाहेरचा. याला स्प्लिट डीएनएस म्हणतात. काही जण म्हणतात कशाला ती कटकट, राउटरवर हेअरपिन नॅट लावा, आतला माणूसही पब्लिक आयपीवरच जाईल आणि राउटर त्याला वळवून आत आणेल. चार मशीन असतील तर खुशाल करा. पण मग आतली सगळी ट्रॅफिक राउटरवर दोनदा येते-जाते, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे जण राउटरच्याच आयपीवरून आलेले दिसतात, कोण कुठला काही कळत नाही.

आम्ही बाइंड हा डीएनएस सर्व्हर वापरतो, त्यात यासाठी व्ह्यू असतात, म्हणजे विचारणारा कोण त्याप्रमाणे वेगळं उत्तर. व्ह्यू वरून खाली बघितले जातात आणि पहिला जुळला तो लागू होतो, म्हणून आतला व्ह्यू वर आणि सगळ्यांसाठीचा खाली, उलटं केलंत तर आतला व्ह्यू कधी कुणाला मिळणारच नाही. आणि एकदा व्ह्यू वापरायला लागलात की प्रत्येक झोन (एका डोमेनच्या नोंदी) कुठल्यातरी व्ह्यूमध्येच असला पाहिजे, एकही बाहेर मोकळा राहिला तर बाइंड सुरूच होत नाही. रीलोड करायच्या आधी नेम्ड चेककॉन्फ, म्हणजे कॉन्फिग तपासणारी कमांड, चालवाच.

आता मुख्य गोम. दोन व्ह्यू म्हणजे झोनच्या दोन फाइली, आणि दोन फाइली म्हणजे परत तेच फाटकं प्रकरण. मेलचा एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायची ते सांगणारा) बदलला, बाहेरच्या फाइलीत टाकला, आतल्यात राहिला, आणि ऑफिसातला बिलिंग सर्व्हर आठवडाभर जुन्या मेल सर्व्हरवर आपटत राहिला, कुणाला पत्ता नाही. उपाय साधा आहे. सामाईक रेकॉर्ड सगळे एका तिसऱ्या फाइलीत ठेवा आणि दोन्ही झोन फाइलींत तिला इन्क्लूड करा. आतल्या फाइलीत फक्त आतले पत्ते, बाहेरच्यात फक्त बाहेरचे. सिरियल नंबर (झोन फाइलीच्या आवृत्तीचा आकडा) अँसिबललाच भरू द्या, हाताने वाढवायचा ठेवलात की कुणीतरी विसरणार, आणि सिरियल वाढला नाही की दुय्यम सर्व्हर नवीन फाइल उचलतच नाही.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा: डीएचसीपीमध्ये (कॉम्प्युटरला आपोआप आयपी आणि डीएनएस देणारी सेवा) पहिला डीएनएस आपला आणि दुसरा म्हणून गुगलचा ८.८.८.८ टाकू नका. सगळे टाकतात. आपला पडला तर इंटरनेट तरी चालेल असा हिशोब असतो, पण कॉम्प्युटर दुसऱ्याला फक्त पहिला मेला तरच विचारेल असं काही नसतं, कधी याला विचारतो, कधी त्याला, आणि गुगलला तुमची आतली नावं माहीत नसतात. मग "सकाळी चालत होतं, आता नाही, आता परत चाललं" असले फोन सुरू होतात. दुसरा डीएनएसही आपलाच हवा, त्याच टेम्प्लेटमधून बनलेला, आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत.

दुसऱ्या इमारतीचं महत्त्व मला १२ ऑक्टोबर २०२० ला कळलं. त्या दिवशी सकाळी आख्ख्या मुंबईची लाइट गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या, आठवत असेल. डेटा सेंटरमध्ये जनरेटरवर सगळं मस्त चालू, व्हीपीएनही तिथलंच, लोकं घरून लॉगिन करतायत, पण आतला डीएनएस एकच होता आणि तो ऑफिसात. अर्ध्या तासात यूपीएसने मान टाकली आणि धडधाकट सर्व्हर कुणाला सापडेनात. मी हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयपी पत्ते वाटत बसलो होतो, रेशनच्या लायनीत उभं राहिल्यासारखी लोकं एकेक आयपी मागतायत.

छोट्या दोन गोष्टी. फोन, ब्राउझर यांच्यात हल्ली सिक्युअर डीएनएस, प्रायव्हेट डीएनएस असलं काही चालू असतं, ते तुमच्या डीएनएसला बगल देऊन थेट बाहेर विचारतं, त्यामुळे एकाच टेबलावर एकाचं चालतं आणि शेजारच्याचं नाही असं दिसलं तर आधी तिथे बघा. आणि आतल्या नावांना डॉट लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी (एकाच नेटवर्कातली मशीन एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) राखीव आहे, मॅक आणि प्रिंटर गोंधळ घालतात. स्वतःच्या डोमेनचं सबडोमेन घ्या, तेच सगळ्यात बिनकटकटीचं.

सर्टिफिकेट

आतल्या सर्व्हरला सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट लावून "ते लाल पान आलं की पुढे जा दाबायचं" असं लोकांना शिकवू नका, उद्या खरोखरीच्या खोट्या साइटवरही तेच दाबतील. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं आतल्या नावालाही मिळतं. एचटीटीपीवाली तपासणी आत चालणार नाही, कारण त्यांना इंटरनेटवरून पोर्ट ८० वर पोचता आलं पाहिजे, म्हणून डीएनएसवाली वापरायची, पब्लिक डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून डोमेन आपलं आहे हे दाखवायचं. मशीनला बाहेरून कुणी शिवतही नाही. फक्त स्प्लिट डीएनएसमुळे एक गंमत होते, रेकॉर्ड बाहेरच्या व्ह्यूमध्ये गेलेला असतो आणि आपलं स्क्रिप्ट तो आलाय का ते आतल्या व्ह्यूला विचारत बसतं. त्याला बाहेरचा डीएनएस विचारायला लावा.

आणि लक्षात ठेवा, पब्लिक सर्टिफिकेट काढलं की ते नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या लॉगमध्ये जातं, जगाला दिसतं. पेरोल, बॅकअप, जुना-डेटाबेस असली नावं बाहेर दिसू नयेत असं वाटत असेल तर वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनांना चालणारं एकच सर्टिफिकेट) काढा.

रिन्यूअल हाताने करत असाल तर आजच सोडा. लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची मुदत आधीपासूनच आहे, पण बाकीच्यांचीही आता आवळत चाललीय, १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून हे जमणार नाही.

दारं-खिडक्या

एनजिनएक्समध्ये कुठल्याच साइटला डिफॉल्ट म्हटलं नसेल तर त्या पोर्टवरची जी पहिली वाचली जाते ती डिफॉल्ट होते, आणि फाइली वाचल्या जातात नावाच्या अक्षरक्रमाने. आमच्या ज्युनियरने अ‍ॅडमिन नावाची नवी फाइल टाकली, ए म्हणजे सगळ्यात वर, आणि नुसता पब्लिक आयपी ब्राउझरमध्ये टाकणाऱ्या कुणालाही अ‍ॅडमिनचं लॉगिन पान दिसायला लागलं. पोरगं बिचारं रडवेलं झालं, पण चूक त्याची नव्हतीच. दोन्हीकडे एक रिकामी डिफॉल्ट साइट ठेवा, काहीही न देता कनेक्शन बंद करणारी, आणि ती ऑलमध्ये.

डॉकरने (अ‍ॅप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) पब्लिश केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही, कारण ती पॅकेट त्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळवली जातात. यूएफडब्ल्यू म्हणतोय बंद, आणि डेटाबेस जगाला उघडा. पब्लिश करताना पुढे १२७.०.०.१ लावा, म्हणजे ते फक्त त्याच मशीनवरून उघडतं. आयपीव्ही६ चंही तसंच, व्ही४ ची फायरवॉल चोख आणि व्ही६ सताड उघडी, हे फार ठिकाणी सापडतं. दोन्हीचे नियम एकाच टेम्प्लेटमधून काढा.

एसएसएचबद्दल एकच सांगतो, त्याच्या कॉन्फिगमध्ये पहिली आलेली किंमत टिकते, शेवटची नाही. तुम्ही मुख्य फाइलीत पासवर्ड लॉगिन बंद केलंत, पण उबंटूमध्ये वरच एका फोल्डरचं इन्क्लूड असतं आणि त्यात क्लाउडवाल्या इमेजची एखादी फाइल पासवर्ड लॉगिन चालू म्हणून बसलेली असते. ती जिंकते. म्हणून मोठ्या टीवर विश्वास ठेवा, फाइलीवर नाही.

आणि घड्याळ. सगळे सर्व्हर यूटीसीवर ठेवा नाहीतर सगळे भारतीय वेळेवर, पण एकच काहीतरी. आतला एक आणि बाहेरचा दुसरा असेल तर लॉग जुळवताना साडेपाच तासांचा हिशोब रात्री दोन वाजता डोक्यात करावा लागतो.

चालवायचं कसं

पहिल्यांदा नेहमी चेक आणि डिफ लावून चालवा, काय बदलणार ते दाखवतो, बदलत काही नाही. डिफ अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर हात मागे घ्या, बहुतेक कुणीतरी सर्व्हरवर थेट जाऊन काहीतरी केलंय. मग खरं चालवताना सिरियल १, म्हणजे एका वेळी एकच मशीन, आणि आधी आतलं. आतलं बिघडलं तर सहकारी शिव्या देतील, बाहेरचं बिघडलं तर गिऱ्हाईक.

रीस्टार्ट नको, रीलोड. एनजिनएक्सला चुकीचं कॉन्फिग देऊन रीलोड केलंत तर तो जुन्यावरच चालत राहतो, रीस्टार्ट केलंत तर बसतो खाली. आणि हँडलरचा (फाइल बदलली तरच शेवटी चालणारं काम) एक छुपा लोचा आहे. अँसिबल फाइल बदलतो, रीलोडचं काम शेवटासाठी राखून ठेवतो, मध्येच दुसरंच काहीतरी फुटतं आणि रीलोड होतच नाही. पुढच्या वेळी चालवलंत तर फाइल आधीच बरोबर आहे, बदल शून्य, म्हणून रीलोडही नाही. डिस्कवर नवं, मेमरीत जुनं, आणि दोन महिन्यांनी मशीन रीबूट झालं की अचानक वागणं बदलतं. फोर्स हँडलर्स चालू ठेवा, म्हणजे मध्ये काही फुटलं तरी राखून ठेवलेलं रीलोड होतं.

थेट सर्व्हरवर जाऊन बदल करणं पूर्ण बंद होईल असं मला वाटत नाही. रात्री दोनला साइट पडली की कोण गिट कमिट करत बसतंय, मीही बसत नाही. म्हणून प्रत्येक फाइलीच्या वर टेम्प्लेटमधूनच ओळ येते की ही फाइल अँसिबल लिहितो, इथे बदललंत तर उडेल, आणि रोज सकाळी सात वाजता चेक मोडमध्ये प्लेबुक चालून जो फरक सापडेल तो आमच्या ग्रुपवर पडतो. ज्याने रात्री हात मारला असेल त्याने चहा पिऊन झाला की तो गिटमध्ये आणायचा.

दोन्ही बाजूंनी तपासा

शेवटची पायरी, आणि हीच लोक गाळतात कारण ऑफिसात बसून बाहेरून तपासायला वेगळं मशीन लागतं. काही लागत नाही, फोनचं वायफाय बंद करा, झाली बाहेरची बाजू. पण रोज कोण करणार, म्हणून आम्ही बाहेर एक अगदी स्वस्तातलं क्लाउड मशीन घेतलं आणि एक आतलं, दोघांवर तेच एक स्क्रिप्ट. नाव विचारतं आणि अपेक्षित आयपी आला का बघतं, सर्टिफिकेटला किती दिवस उरलेत ते बघतं, अ‍ॅडमिनचं पान आतून २०० (म्हणजे ठीक) आणि बाहेरून ४०३ देतंय का ते बघतं. चालू असायला हवं ते चालू आहे का हे सगळेच तपासतात, बंद असायला हवं ते बंद आहे का हेही तपासा.

मॅडमच्या शीटसाठीपण एक टेस्ट आहे त्यात. ५ एमबीची एक फालतू फाइल दर पाच मिनिटांनी दोन्ही बाजूंनी पोर्टलवर अपलोड होते. पहिल्या आठवड्यात ती नंतर डिलीट करायची ओळ लिहायला मी विसरलो होतो, सात दिवसांत वीसेक जीबी जमा झाले, अपलोडचं पार्टिशन गच्च, आणि २८ तारखेला परत मॅडमचा फोन. या वेळी दोन्हीकडून होत नव्हतं, अगदी एकसारखं.